शरद जोशी : सदरातला उपरोध पडद्यावर कसा टिकला?

प्रश्न (देवगड)
आमच्या वाडीतील गणेशोत्सवासाठी मी दरवर्षी प्रहसन लिहितो आणि आता मालिकालेखनाकडे वळण्याची मनापासून इच्छा असल्याने हिंदीतील व्यंगकार शरद जोशी यांच्या लेखनाचा अभ्यास करत आहे. (शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे.) ‘नवभारत टाइम्स’मधील ‘प्रतिदिन’ या सदरात ते थेट स्वतःच्या आवाजात बोलत. पडद्यावर लेखकाला तसे बोलता येत नाही. मग त्यांचा उपरोध तेथे कसा टिकला?

उत्तर (रत्नागिरी)
दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झालेली, जोशींनी लिहिलेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका या दृष्टीने पाहावी. शफी इनामदार (आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले) आणि स्वरूप संपत यांचे मध्यमवर्गीय घर तेच राहते. सतीश शाह मात्र प्रत्येक भागात निराळ्या माणसाच्या रूपाने येतात. सदरासाठी जसा रोज नवा विषय लागतो, तसा येथे दर भागात नवा माणूस दारात उभा राहतो आणि लेखकाला जे म्हणायचे असते ते त्याच्या वागण्यातूनच उघड होते. माझ्या मते मालिकेचे खरे बळ या रचनेत आहे.

उत्तर (कुडाळ)
रचनेचे म्हणणे मान्य आहे, पण त्याहून महत्त्वाचा आहे कान. जोशी कविसंमेलनांत कवींच्या रांगेत उभे राहून गद्य वाचत आणि श्रोत्यांना धरून ठेवत. आपल्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. समोरच्या प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून नट वाक्य लांबवतो किंवा तोडतो. जोशींच्या वाक्यांनाही तोच संस्कार झाला असावा, कारण ‘छोटी सी बात’मधील बुजऱ्या कारकुनाचे आणि ‘उत्सव’मधील प्राचीन उज्जयिनीचे, असे परस्परांपासून फार दूरचे चित्रपट-संवाद त्यांनी लिहिले. उज्जैन तर त्यांचे जन्मगावच.

उत्तर (दापोली)
मालिकेआधी त्यांचे ‘एक था गधा उर्फ अलादाद ख़ाँ’ हे नाटक अवश्य वाचावे. मेलेला अलादाद हा माणूस आहे असे समजून नवाब लोकप्रियतेसाठी त्याच्या जनाज्याला खांदा देण्याचे जाहीर करतो. तो गाढव होता हे कळल्यावर घोषणा मागे घेण्याऐवजी त्या नावाचा जिवंत माणूस शोधला जातो. सत्तेवर टीका करणारे एकही भाषण नसते तरी नाटक तितकेच बोचरे राहिले असते, इतकी ती घटनाच पुरेशी आहे. आपल्या प्रहसनातील सूत्रधाराची भाष्ये काढून पाहावीत आणि उरलेल्या प्रसंगांना प्रेक्षक हसतात का, हे याच गणेशोत्सवात तपासावे.