पुण्याहून ज्येष्ठांसह एक दिवस: पुरंदर, नारायणपूर, भुलेश्वर आणि भाटघर

प्रश्न (हडपसरची वाचक)

नमस्कार. कार्तिकाच्या अखेरीस इंदूरहून माझी आत्या आणि आतोबा आमच्याकडे येणार आहेत. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. आतोबांना मराठ्यांच्या इतिहासाची मनापासून आवड असून पुरंदर पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. आत्याला जुन्या, कोरीव देवळांची ओढ आहे. मात्र तिचे गुडघे दुखत असल्यामुळे ती थोड्याच पायऱ्या आणि त्याही सावकाश चढू शकते. आमच्या दहा वर्षांच्या मुलाला पाणी पाहायचे आहे. स्वतःची गाडी आहे. दिवे घाट, मस्तानी तलाव, सासवड, पुरंदर, नारायणपूर, भुलेश्वर, बनेश्वर आणि भाटघर एवढी यादी मी केली आहे. हे सारे एका दिवसात जमेल का, आणि जमणार नसेल तर यातले काय वगळावे?

प्रतिसाद (सासवडकर)

ताई, एका दिवसात एवढी ठिकाणे करू नयेत. गाडीतून उतरणे-चढणे हेच ज्येष्ठांना सर्वांत थकवणारे असते, आणि आठ ठिकाणी ते करण्यापेक्षा तीन ठिकाणी निवांत थांबणे त्यांच्या आणि तुमच्याही दृष्टीने चांगले.

सकाळी लवकर निघून दिवे घाटाने सासवड गाठावे आणि तेथून थेट पुरंदर करावा. गड लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात; म्हणून तो दुपारनंतरवर ढकलू नये. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्रांविषयी प्रवेशद्वारावर जे सांगितले जाईल ते काटेकोर पाळावे. गाडी माचीपर्यंत जाते, त्यामुळे आत्यांनाही गड पाहता येईल. मुरारबाजी देशपांडे यांचा पुतळा, पुरंदरेश्वराचे मंदिर आणि पद्मावती तळे ही सर्व माचीवरच आहेत. बालेकिल्ल्यावरील केदारेश्वराची चढण मात्र खरी दमछाक करणारी आहे. आत्यांनी ती टाळावी असेच मी म्हणेन.

आतोबांना माचीवरून शेजारचा वज्रगड आवर्जून दाखवा. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान यांनी वेढा घातला, तेव्हा एप्रिलमध्ये आधी वज्रगड पडला, आणि तेथून पुरंदरची माची मोगली तोफांच्या माऱ्यात आली. मुरारबाजी याच लढाईत पडले आणि जूनमध्ये झालेल्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. पुस्तकात हा क्रम वाचूनही तो का घडला हे नीट उमगत नाही. दोन गडांमधील अंतर डोळ्यांनी पाहिले की वज्रगड हातचा गेल्यावर पुरंदर राखणे किती अवघड झाले असेल ते लगेच कळते. संभाजी महाराजांचा जन्मही 14 मे 1657 रोजी याच गडावर झाला.

उतरल्यावर पायथ्याशी नारायणपूर आहे. तेथील दत्तमंदिरात गुरुवारी आणि पौर्णिमेला मोठी गर्दी होते, म्हणून तो दिवस निवडू नका. बहुतेक भाविक दत्तदर्शन घेऊन परततात. त्यांच्या मानाने यादवकालीन नारायणेश्वराकडे फार कमी जण वळतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. आत्यांना हवे असलेले कोरीव काम येथे सपाटीवर, फारसे न चढता पाहता येईल.

प्रतिसाद (देऊळवेडा)

वरील मार्ग योग्य आहे, परंतु आत्याबाईंची आवड लक्षात घेता भुलेश्वर पूर्ण वगळू नये असे मला तीव्रतेने वाटते. ते याच दिवशी कोंबण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. हडपसरहून सोलापूर रस्त्याने यवत गाठले की तेथून डोंगराकडे रस्ता वळतो आणि गाडी बरीच वरपर्यंत जाते. बाहेरून पाहिल्यास हे यादवकालीन शिवमंदिर आहे असे वाटतच नाही, कारण पुढे 17व्या शतकात येथे दौलतमंगळ हा किल्ला उभा राहिला आणि मूळ वास्तूभोवती नंतरचे बांधकाम झाले. आत गेल्यावर रामायण-महाभारतातील प्रसंगांचे शिल्पपट दिसतात आणि स्त्रीरूपातील गणेशाची दुर्मीळ मूर्तीही आहे. अनेक मूर्ती भग्न आहेत, तरी जे उरले आहे ते पाहण्यास एक तास अपुरा पडतो. आतील पायऱ्या अरुंद आणि अंधाऱ्या आहेत. विजेरी न्यावी आणि आत्याबाईंचा हात धरणारे कोणी तरी पुढे असावे.

प्रतिसाद (नीरेकाठचा)

पाण्याविषयी दोन शब्द. मस्तानी तलाव दिवे घाटातून वर जाताना खाली छान दिसतो, तेवढ्यावर समाधान मानावे. मात्र गाडी वळणावर थांबवू नये. लहान मुलाला घेऊन त्याच्या पायऱ्यांवर उतरणे मला सुरक्षित वाटत नाही. त्याऐवजी नारायणपूरहून कापूरहोळला येऊन भोर रस्त्याने भाटघरकडे जावे. वेळवंडी नदीवरील हे धरण 1928 साली पूर्ण झाले असून पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. काठावरून पाहावे, पाण्यात उतरू नये. परतताना उजेड असेल तर नसरापूरजवळ बनेश्वरला थांबता येईल. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील हे मंदिर झाडीत आहे, आणि तेथील 1683 सालची पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेतून आणलेली असल्याचे सांगतात. आतोबांना ती नक्की आवडेल.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी पुरंदर, नारायणेश्वर आणि भाटघर, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भुलेश्वर असे ठरवत आहे. बनेश्वर वेळेवर सोडते. पुरंदरावर जेवणाची सोय असते का, की डबा न्यावा?

प्रतिसाद (सासवडकर)

डबा आणि पुरेसे पाणी बरोबर ठेवा. माचीवर खाण्यापिण्याच्या सोयीवर ज्येष्ठांनी विसंबून राहू नये. सासवडला भरपेट नाश्ता करून वर जा आणि जेवण नारायणपूरला उतरल्यावर करा. तेथे साधे, घरगुती जेवण मिळते. निघण्याआधी गडाच्या त्या दिवसाच्या वेळेची खात्री करून घ्या, कारण लष्करी कारणांमुळे प्रवेश कधी कधी अचानक बंद ठेवला जातो. तसे झाल्यास सासवडमधील संगमेश्वर आणि चांगवटेश्वर ही देवळे आधी पाहा. दोन्ही जवळजवळ आहेत आणि आतोबांसाठी बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची समाधीही सासवडातच आहे.