मदत हवी आहे: कार्टिंगला नवी मुलं कशी आणावीत?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एक रविवार भाड्याच्या कार्टवर, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या चारचाकी गाड्यांवर, शर्यत भरवतो. कोणती कार्ट कोणाला, हे चिठ्ठी टाकून ठरतं. हलक्या मुलांच्या कार्टला वजन जोडतो, म्हणजे खेळ बऱ्यापैकी बरोबरीचा होतो. अडचण एकच, दर वेळी तेच चेहरे!

मुलं बघायला येतात, व्हिडिओ काढतात आणि निघून जातात. पालकांना वाटतं, हा श्रीमंतांचा नाद, शिवाय धोक्याचा. स्वतःची कार्ट, टायर, इंजिनाची देखभाल म्हटलं की खर्च मोठाच, ते खरं आहे. पण भाड्याच्या कार्टला यातलं काहीच लागत नाही. आणि कार्टला सस्पेन्शन (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा) नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट अंगाला कळतो. ब्रेक कुठे मारायचा, वळण कसं कापायचं, हे इथे शिकतात तसं कुठेच नाही. फॉर्म्युला टू (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, मुंबईचा जेहान दारूवाला, कार्टिंगमधूनच पुढे आला.

शाळा-कॉलेजात जाऊन कोणी असा खेळ रुजवला आहे का? पहिली फेरी फुकट ठेवावी का? मुलींसाठी वेगळी सकाळ ठेवली तर त्या येतील, की उलट बिचकतील? आईवडिलांशी बोलायची सुरुवात कुठून करावी? अनुभव असेल तर जरूर सांगा.