उसना कॅमेरा : शिकत असताना मागून आणलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे अनुभव सांगा

गिरणाकाठ :
दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरून बुटाचं खोकं खाली आलं, त्यात अकरा मिनीडीव्ही कॅसेटी. काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या. एकीवर स्केचपेननं लिहिलंय, 'कानबाई, टेप २, पुसू नये'. बायको म्हणाली, भंगारात देऊ का? खोकं परत वर गेलं आणि रात्री मी हा धागा काढायला बसलो.

२००५ ते २००७ मी जळगावला शिकत होतो. कॅमेऱ्याची किंमत ऐकून वडील म्हणाले होते, एवढ्यात विहिरीचं बांधकाम होतं. त्यामुळे जे काही शूट केलं ते विभागाच्या कॅमेऱ्यावर. आधी अर्ज, मग सरांची सही, ओळखपत्र जमा, आणि स्टोअरच्या काकांसमोर रजिस्टर : कॅमेरा १, बॅटरी २, चार्जर १, ट्रायपॉड १, ट्रायपॉडची प्लेट १. ही प्लेट म्हणजे बिस्किटाएवढी चकती, कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसते. हरवली तर ट्रायपॉड नुसता वाळत घातल्यासारखा उभा. काका सामान परत घेताना आधी प्लेट चाचपायचे, मग कॅमेऱ्याकडे बघायचे.

शुक्रवारी संध्याकाळी न्यायचा, सोमवारी अकराला परत. मला हवी होती कानबाई, आमच्या खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. म्हणजे मिरवणूक निघायच्या वेळी मी एसटीत. माझ्या शूटमध्ये कानबाई आली, नटली, नैवेद्याचे रोट झाले, गाणी झाली, विसर्जन नाही.

त्यात गावात लोडशेडिंग. दोन बॅटऱ्या, एक पोलिसपाटलांकडच्या इन्व्हर्टरवर लावलेली. रात्री दोनच्या सुमाराला एका आजीनं असं गाणं धरलं की बाकीच्या बायका गप्प झाल्या. गाणं संपल्यावर सगळ्या म्हणाल्या, दाखव. मी टेप मागे नेली, बाजूचा छोटा स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून दाखवलं, अर्ध्यात थांबवलं आणि तिथूनच रेकॉर्डचं बटण दाबलं. टेप पुढे न्यायची राहिली. आजीच्या गाण्याचा उरलेला भाग त्याच रात्री माझ्या हातानं पुसला गेला. हे कळलं मंगळवारी, हेडफोन लावल्यावर. 'पुसू नये' हे त्यानंतर लिहिलेलं आहे.

तुमचं सांगा. कॅमेरा कुणाचा होता, कसा मिळाला, काय बिघडवलंत. आणि या टेपा आता कुठे चालतील, तेही.

पांझरा :
धुळ्याहून. आमच्या गटाला 'व्हाइट बॅलन्स' नुकताच शिकवला होता : पांढरा कागद धरा, लेन्स त्यावर रोखा, बटण दाबा. शेतात पोचलो तर कागद कुणाकडेच नाही. मित्र हुशार. म्हणाला, बाबांची टोपी पांढरीच आहे की. बाबा बिचारे दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले.

टोपी नीळ घातलेली होती! कॅमेऱ्यानं त्या निळसर टोपीला पांढरं मानलं आणि निळा तोडायला सगळीकडे पिवळा ओतला. बाबा, बैल, कापूस, आम्ही, सगळ्यांना कावीळ. कापूस पिवळा दिसतोय म्हटल्यावर सरांनी विचारलं, हे कुठलं वाण?

शहाद्याची :
@पांझरा, हसून मेले.

माझं जरा वेगळं. आमच्या वर्गात मुलगा अर्ज घेऊन गेला की कॅमेरा मिळायचा. मी गेले की प्रश्न : 'सोबत कोण आहे?' 'जड आहे, जमेल ना?' एकदा तर 'भावाची सही आण' म्हणून झालं. भाऊ तेव्हा दहावीत. मी त्याची सही आणली, आणि खाली त्याचं वय पण लिहिलं. पुढच्या वेळी कुणी काही विचारलं नाही.

गेले होते सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजार शूट करायला. तापीच्या काठी ओळीनं घोडे, लांबलांबचे व्यापारी, थंडी, धूळ. बूम माइकला (लांब काठीवरच्या माइकला) वाऱ्यासाठी तो केसाळ फरचा कव्हर घातला होता. एका पांढऱ्या घोडीनं तो बघितला आणि दोन्ही पाय वर. व्यापारी काका ओरडले, 'ताई, ते मांजर आधी पिशवीत घाल!' मग कव्हर काढून ओढणी गुंडाळली. आवाज थोडा दबका आला, घोडी मात्र शांत.

खरी चूक पुढे झाली. त्याच काकांची वीस मिनिटं मुलाखत घेतली. घोड्याच्या अंगावरचे भोवरे कसे बघतात, कुठला शुभ, कुठला खोटा, सौदा बोलताना दर कसा लपवतात, सगळं त्यांनी मन लावून सांगितलं. माइकला कॅमेऱ्यातून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याचं छोटं बटण या वेळी मी चालूच केलं नव्हतं. हेडफोन गळ्यात होते, कानात नाही. टेपवर काका हात हलवून बोलतायत आणि आवाज शून्य. मी परत जाऊन त्यांना शोधलं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पण मघाचं नव्हतं ते. दुसऱ्यांदा सांगताना माणूस आवरतं घेतो.

लग्नसराई :
मी कॅमेरा देणाऱ्यांपैकी. गोलाणी मार्केटच्या मागच्या बाजूला माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. विद्यार्थी यायचे, 'भाऊ, दोन दिवस द्या ना, प्रोजेक्ट आहे.' मी कॅलेंडर बघायचो. तिथी असली तर देव आला तरी कॅमेरा नाही. पितृपक्षात या म्हणायचो. तेव्हा लग्नं नसतात, कॅमेरे कपाटात बसून असतात, निम्म्या भाड्यात देऊन टाकायचो. काही पोरांना तर नुसत्या टेपच्या पैशात. त्या एक-दोन वर्षांतल्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये मागे कावळे ओरडताना ऐकू येतील, त्याचं कारण हे.

कॅप्चर करायला पण माझ्याकडेच यायचे. आजच्या पोरांना सांगतो : टेप साठ मिनिटांची असली तर कॉम्प्युटरमध्ये घ्यायला साठ मिनिटंच लागायची. कॉपी-पेस्ट नाही. कॅमेरा फायरवायर नावाच्या केबलनं जोडायचा, प्ले करायचं आणि बसायचं. एका टेपचे साधारण तेरा जीबी. माझी हार्डडिस्क चाळीसची. म्हणजे तीन टेपा घेतल्या की आधीच्या कुणाचं तरी लग्न उडवायचं. (ज्यांचं उडवलं त्यांची मास्टर टेप होती. बहुतेक.) पंचावन्नाव्या मिनिटाला लाइट गेली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे. मी एक यूपीएस फक्त विद्यार्थ्यांसाठी घेतला असं म्हणायचो. खरं तर पीसी जळाला होता.

भुसावळ प्लॅटफॉर्म :
अमेरिकेतल्या मावसभावाचा हँडीकॅम मिळाला म्हणून मी कॉलेजात राजा होतो. घरात शूट केलं की सगळं लुकलुकायचं. कॅमेरा बिघडला म्हणून महिनाभर रडलो. नंतर कळलं, कॅमेरा एनटीएससी, अमेरिकेतल्या पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला तीस चित्रं आणि शटर साठाव्या भागाचं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूबलाइटचा ताल वेगळा. दोघांचं जमत नाही. बाहेर उन्हात तोच कॅमेरा एकदम सरळ. म्हणून माझी पूर्ण फिल्म गच्चीवर आणि रेल्वे पुलावर आहे. परीक्षकांना ते 'धाडसी निवड' वाटलं.

केळीबाग :
रावेर तालुक्यातला. ऑगस्टमध्ये एसीच्या एडिटिंग खोलीतून कॅमेरा काढला, थेट केळीच्या बागेत. नुकतंच पाणी दिलेलं, आत दमट वाफ. कॅमेऱ्यानं स्क्रीनवर थेंबाचं चित्र दाखवलं आणि सगळं बंद. टेप ज्यावरून फिरते त्या आतल्या ड्रमवर पाणी धरलं होतं. तशात टेप फिरली तर चिकटते, म्हणून कॅमेरा स्वतःच नाही म्हणतो. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवून तासभर थांबलो. ज्या कटाईसाठी गेलो होतो ती तोवर आटोपली, ट्रक भरला, गेला. रिकाम्या बुंध्यांचे शॉट घेऊन आलो आणि व्हॉइसओव्हरमध्ये सांगितलं की इथे घड होते.

अक्कलकुवा एसटी :
काठीच्या राजवाडी होळीला गेलो होतो. रात्रभर ढोल, घुंगरं, मोरपिसांचे टोप घालून नाचणारे, मधोमध उंचच उंच बांबू, आणि होळी पेटते पहाटे. आमच्याकडे साधा हँडीकॅम, अंधारात चित्र दिसेना. एकानं बाजूचं बटण सरकवलं, तर एकदम सगळं स्वच्छ! आम्ही खूश. सकाळी उजेडात बघितलं तर ते नाइटशॉट, अंधारात हिरवं चित्र काढणारं बटण. होळी हिरवी, माणसं हिरवी, ठिणग्या हिरव्या.

पण एक सांगायचं होतं. शूट सुरू करायच्या आधी तिथल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं, काढू का? ते म्हणाले, कॅमेरा कोणाचा? म्हटलं, कॉलेजचा. मग चित्र कोणाचं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी काढू दिलं. परत येऊन मी एक सीडी करून काठीला जाणाऱ्या ड्रायव्हरदादांकडे दिली. पोचली का माहीत नाही.

वहीगायन ऐकणारा :
मी डीएसएलआरच्या पिढीतला, २०१३. रूममेटचा कॅननचा ५५०डी. अट एकच : पेट्रोल माझं. वहीगायनाचा, म्हणजे डफावर कथा गाण्याचा, कार्यक्रम रात्री दहाला सुरू झाला. त्या कॅमेऱ्यात एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे साधारण बारा मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. कुणी सांगितलं नव्हतं. गायक कथा रंगवत आणतायत, मी डोळे मिटून ऐकतोय, आणि कॅमेरा केव्हाच गप्प. पुढच्या वेळी मोबाइलवर अकरा मिनिटांचा अलार्म लावला. तो गाण्यात वाजला. डफवाल्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मात्र पूर्ण रेकॉर्ड झालंय.

तिसरं सेमिस्टर :
मी आत्ता शिकतेय. फोनमध्ये फोरके असताना विभागाचा कॅमेरा कशाला, असं घरी विचारतात. अनुभव असा की बाजारात फोन धरला की लोक म्हणतात, रील काढून राहिली, आणि पोरं मागे येऊन नाचतात. ट्रायपॉड लावला की भाजीवाल्या मावशी पदर सारखा करतात आणि नीट बोलतात. आणि रजिस्टरमध्ये अजूनही 'प्लेट १' असतं, बरं का.

लग्नसराई :
@गिरणाकाठ, टेपांचं राहिलं. कॅसेटीवरची ती बारकी पट्टी आधी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे परत तुमच्या हातून पुसलं जायला नको! प्रत्येक टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, इतकी वर्षं गुंडाळून बसलीय. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालू नका, एकीपायी हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि मग बाकीच्या दहा पण गेल्या. चित्रात चौकोनी ठिपके आले तर हेड मळलंय, क्लीनिंग टेप पाच-दहा सेकंदच फिरवायची, जास्त नाही. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतंच. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, कार्ड आहे, कॅमेरा पण चालू आहे. कॅमेऱ्याची प्लेट तेवढी नाही. रविवारी या. पैसे नको, येताना भरताची वांगी आणा.

गिरणाकाठ :
लग्नसराईभाऊंकडे जाऊन आलो. वांगी दोन किलो नेली, वहिनींनी दुपारी भरीतच केलं, कळण्याची भाकरी सोबत.

टेप २ पहिल्यांदा लावली. एकतिसाव्या मिनिटाला आजीचं गाणं सुरू होतं. चित्र दाणेदार, कंदिलाचा उजेड. तिसऱ्या कडव्याच्या मधोमध स्क्रीन क्षणभर निळा. मी मान खाली घातली होती. भाऊ म्हणाले, थांब, पुढे काहीतरी आहे.

पुढे तीच आजी आहे, अगदी जवळून, अर्धा चेहरा चौकटीबाहेर. मी फिरवून दाखवलेला स्क्रीन अजून तिच्याकडेच होता, म्हणून ती लेन्सकडे न बघता बाजूला बघतेय. त्यात काय बघत होती ते आत्ता लक्षात आलं. रेकॉर्ड दाबल्यामुळे तिला त्या क्षणीची ती स्वतः दिसायला लागली होती, आणि तिला ते जुन्या टेपेतलंच वाटत होतं. ती विचारते, 'यामा मी कोठे शे?' (यात मी कुठे आहे?) मागून कुणीतरी सांगतं. मग ती हळूच हात हलवून बघते. स्क्रीनमधलीनंही हलवला असणार, कारण आजी एकदम तोंडाला पदर लावून हसते. हे सतरा सेकंद आहेत. त्यानंतर रोटांच्या ताटाचा माझा क्लोजअप, फोकसबाहेर.

तिच्या नातवाचा नंबर मिळवलाय, सतरा सेकंद आणि आधीची अडीच कडवी त्याला पाठवतो. टेप ५ ला बुरशी निघाली, ती बाजूला ठेवली. उरलेल्या नऊ पुढच्या दोन रविवारी. वांगी संपेपर्यंत भाऊ नाही म्हणणार नाहीत.