वेगळी ओपीडी नको, आधी वजनकाटा द्या

गूळपेठकरीण

आमच्या ग्रुपवर चार दिवस एक निवेदन फिरतंय. मागणी एकच: सरकारी दवाखान्यात दिव्यांगांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र ओपीडी ठेवा. सव्वाशेच्या वर सह्या झाल्यात. मी केली नाही म्हणून तिघांचे फोन येऊन गेले. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर हिशेब बघते. 14 वर्षांपूर्वी माळ्यावरून पडले. कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर वापरते. गेल्या पावसाळ्यात उजव्या कुशीत दुखायला लागलं, जेवण झालं की उलटी. दोन डॉक्टर झाले, दोघांचं निदान एकच, "बसून बसून गॅस होतो." दोन महिने त्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्यानं सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. आधीच्या दोघांना खुर्ची दिसली आणि तपासणी तिथंच संपली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांनी वजन विचारलं. दवाखान्यातला काटा उभं राहायचा. भाऊ म्हणाला, "असेल पन्नास-पंचावन्न." तेच कागदावर गेलं. ऑपरेशन नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पन्नास-पंचावन्न डोक्यातून जाईना. कामावर परत गेले त्या दिवशी हमालमामांना म्हटलं, मला काट्यावर घ्या. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायचा आमचा काटा जमिनीलगत आहे, खुर्ची सरळ वर चढली. 84 किलो 600. मग मला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं आणि रिकामी खुर्ची तोलली, 18 किलो 200. मामा म्हणाले, "बारदान वजा जाता निव्वळ सहासष्ट किलो चारशे." 14 वर्षांतलं माझं पहिलं वजन गुळाच्या काट्यावर झालं!

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2022 मध्ये अपंग व्यक्तींच्या आरोग्यावर मोठा अहवाल काढला. जगात 130 कोटी अपंग माणसं, म्हणजे सहांत एक. त्यातल्या काहींचं आयुष्य इतरांपेक्षा 20 वर्षांपर्यंत कमी. मधुमेह, दमा, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका दुप्पट. आणि याला फक्त मूळचं अपंगत्व जबाबदार नाही, टाळता येण्यासारख्या अडचणी जबाबदार आहेत, असं तो अहवाल सांगतो. म्हणजे पायऱ्या, उंच टेबल, आमच्याशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलणारे डॉक्टर.

आता सांगा, बुधवारी वेगळी ओपीडी झाली तरी काटा तोच ना? टेबल तेच ना? आणि बाकीच्या दिवशी दारावरचा माणूस काय सांगेल ते मला आत्ताच ऐकू येतंय: "तुमचा वार बुधवार."

चंदगडी_बाप

ताई, तुमचं सगळं खरं आहे, पण सही न करून चुकलात. मी पहिल्या दिवशीच केली.

माझा मुलगा 11 वर्षांचा, ऑटिझम आहे. कोल्हापूरला यायचं म्हणजे पहाटेची एसटी. केसपेपरच्या रांगेत गोंगाट, रडणारी पोरं, घरघरणारा पंखा. तो कान झाकून फरशीवर बसतो आणि थोड्या वेळानं डोकं आपटायला लागतो. मागून आवाज येतो, "पोराला वळण नाही लावलं." त्याची एक दाढ किडली होती. दोन खेपा नुसत्या गेल्या, कारण नंबर येईपर्यंत तो तोंड उघडण्याच्या पलीकडे गेलेला. तिसऱ्या खेपेला एका भल्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी सगळे गेल्यावर बोलावलं, लाइट कमी केला, आरसा त्याच्या हातात दिला. दहा मिनिटांत काम झालं. माझी मागणी एवढीच आहे. शांत खोली आणि ठरलेली वेळ. तुम्ही त्याला वेगळी ओपीडी म्हणा नाहीतर आणखी काही.

इंग्लंडात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना 14 व्या वर्षापासून दरवर्षी एक राखीव तपासणी मिळते. तीही वेगळीच सोय आहे, आणि तिला कुणी अपमान म्हणत नाही.

दुसरं, केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विमा योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांना वर्षाला 1 लाखाचं कवच आहे, ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. पण आमच्या भागात थेरपिस्टच नाही, मग कवच कशावर घालू? कोल्हापूरला एक दिवस ठरला तर एका खेपेत सगळे भेटतील. तुम्ही शहरात राहता, तुम्हाला सातही दिवस मोकळे. आम्हाला एकच पुरे.

गूळपेठकरीण

दादा, लाइट कमी करणाऱ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. पण त्यांनी ते वेगळ्या दिवशी नाही केलं, रोजच्याच ओपीडीत केलं. मी तेच मागतेय.

डॉ_पेठेतला

शिवाजी पेठेत माझं दहा खाटांचं रुग्णालय आहे, त्यामुळे अंगावर घेऊनच लिहितो.

आधी वजनाचं. भूल देताना औषध एकदम ओतत नाहीत, परिणाम बघत देतात. त्यामुळे दहा-बारा किलोच्या चुकीनं दरवेळी अनर्थ होतो असं नाही. शिवाय मणक्याच्या दुखापतीत पायांचे स्नायू झडतात, नुसता किलोचा आकडा सरळ वापरताच येत नाही. पण रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, काही अँटिबायोटिक्स किलोवर मोजून देतात. तिथं "पन्नास-पंचावन्न" चालत नाही, हे मान्य.

आता व्यवहाराचं. जागा अरुंद, लिफ्ट बसवायला चौकच उरलेला नाही. वर-खाली होणारं टेबल साध्या टेबलाच्या कितीतरी पट महाग. व्हीलचेअरवरचा पेशंट माझ्याकडे दोन महिन्यांतून एखादा. त्याच्यासाठी मी सगळं बदलायचं, की शहरात दोन-तीन ठिकाणी उत्तम सोयी करून तिकडे पाठवायचं? कायद्याचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 हे काम शासनाला आणि स्थानिक संस्थांना सांगतं, मला नाही.

गूळपेठकरीण

डॉक्टर, दोन महिन्यांतून एखादा येतो कारण दारात पाच पायऱ्या आहेत. विहिरीला पायऱ्याच नसतील तर पाणी भरायला कोण येणार?

कलम 25 पुरतं वाचा. शासनानं व्यवस्था करायची ती "सरकारी आणि खासगी" रुग्णालयांच्या सगळ्या भागांत अडथळा नसावा म्हणून. आणि पुढचं कलम 46 सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू आहे. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत दोन वर्षांची. 2019 उलटून किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. 8 नोव्हेंबर 2024 ला तर सुप्रीम कोर्टानं सुगम्यतेचा, म्हणजे इमारती आणि सेवा अपंगांनाही वापरता येण्याचा, नियम नुसता शिफारशीवजा आहे म्हणून रद्द ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानकं करा म्हणून सांगितलं.

अमेरिकेत 2021 मध्ये 714 डॉक्टरांची पाहणी छापून आली. 82 टक्क्यांना वाटत होतं की मोठं अपंगत्व असलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा कमी प्रतीचं असतं. अशा पेशंटला तेवढीच चांगली सेवा देऊ अशी पक्की खात्री जेमतेम 41 टक्क्यांना. मला गॅसच्या गोळ्या देणारे काही दुष्ट नव्हते, त्या 82 मधले होते.

निवृत्त_भाऊसाहेब

सगळ्यांचं ऐकून घेतलं. पण आधी बोगस दिव्यांग कार्डांचं बघा. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून देशभर गाजलं ते विसरलात? माझ्या नोकरीत बदली आली की ऐकू न येणारे किती निघायचे, सांगायला नको. प्राधान्याची रांग केली की धडधाकट माणूस कार्ड दाखवून पुढं आणि खरा लंगडा मागं. अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे पांढरं, पिवळं, निळं असे रंग आलेत आता कार्डांना. रंग बघून सोय द्या. 40 टक्क्यांच्या खालच्यांना कशाला?

गूळपेठकरीण

भाऊसाहेब, बदलीतली आणि नोकरीतली सवलत तपासाच, कसून तपासा. पण बोगस कार्डवाला रॅम्पवरून चढला म्हणून रॅम्प झिजत नाही. टेबल खाली आलं तर तुमच्या गुडघ्यांनाही बरं, त्याला कार्ड कशाला लागतंय?

आणि "खरा लंगडा" हा शब्द इथे नको. मला स्वतःला अपंग म्हटलेलं चालतं, दिव्यांग म्हटलं तर जरा हसू येतं. 2015 मध्ये पंतप्रधानांनी तो शब्द सुचवला, त्यानंतर आमच्या अंगात दिव्य काय आलं ते अजून सापडायचंय. पण लंगडा नको.

निवृत्त_भाऊसाहेब

शब्द मागे घेतला. टक्केवारीचं मत तेच आहे.

सिस्टर_नाइट_ड्युटी

डॉक्टर टेबलाच्या किमतीबद्दल बोलले, माझ्या पाठीच्या किमतीबद्दल कुणी बोलेना. पेशंटला खुर्चीवरून टेबलावर घ्यायला चार माणसं लागतात. वॉर्डबॉय एक, तो एक्स-रेला गेलेला. मग मी, एक विद्यार्थिनी आणि पेशंटचा नवरा. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि उचलायचं. मागच्या वर्षी माझी कंबर धरली ती अजून सुटली नाही. पुष्कळदा डॉक्टर म्हणतात, राहू दे, खुर्चीतच बघतो. खुर्चीत पोट नीट तपासता येत नाही. पाठीवरची, बसायच्या जागेवरची जखम तर दिसतच नाही. बेडसोअर वास आल्यावर सापडतो.

अमेरिकेत 2024 साली नियम आला की सरकारी दवाखान्यांत 17 ते 19 इंचांपर्यंत खाली येणारं किमान एक टेबल आणि खुर्चीसकट तोलणारा एक काटा हवाच, दोन वर्षांच्या आत. एकच मागितलंय, सगळी नाहीत.

आणि निवेदनवाल्यांनो, माणसं न वाढवता एक वार ठरवलात तर त्या दिवशी साठ खुर्च्या आणि उचलायला तेच दोघं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी काय होतं ते मी बघते. म्हातारी माणसं सकाळी सातपासून जिन्यात बसलेली असतात.

रंकाळ्याची_धाकटी

मी कोणत्या बाजूची ते मलाच कळेना.

माझा भाऊ 29 वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही. त्याला रॅम्प नको, काटा नको. दारातून "बेचाळीस!" अशी हाक येते आणि तो समोर बसलेला असूनही त्याचा नंबर जातो. मग मी जाते. डॉक्टर माझ्याशी बोलतात. गेल्या महिन्यात त्याला लघवीच्या जागेचा त्रास होता. काय होतंय ते त्यानं मला, धाकट्या बहिणीला, खुणांनी सांगायचं आणि मी डॉक्टरांना. तो भिंतीकडे बघत होता. निम्मं त्यानं सांगितलंच नाही, निम्मं मी विचारलं नाही.

आम्हाला हवा खुणांची भाषा येणारा दुभाषी. तो प्रत्येक ओपीडीत रोज बसणं शक्य नाही, तेवढे दुभाषी आहेतच कुठे? आठवड्यात एक दिवस बसला तरी पुष्कळ. मग ताई, तुमच्या विरोधामुळं आमचं तेवढंही जाईल त्याचं काय?

गूळपेठकरीण

याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. दोन दिवस विचार करून लिहितेय.

मी माझ्या खुर्चीवरून बोलत होते. दुभाषी, थेरपिस्ट, दातांसाठी शांत वेळ, ही माणसं थोडी आहेत, त्यांचा वार ठरवावाच लागेल. तो त्यांचा वार झाला, आमचा नव्हे. निवेदनात एवढा बदल करा: तज्ज्ञांचा दिवस ठरवा, पण "इतर कोणत्याही दिवशी कोणालाही परत पाठवू नये" हे वाक्य घाला. आणि पहिल्या मागणीत काटा, खाली येणारं टेबल आणि नंबर दाखवणारा बोर्ड. मग करते सही.

कोल्हापुरात हे सगळं कुणीतरी पहिल्यांदा मागतंय असंही नाही. नसीमाताई हुरजूक स्वतः खुर्चीवर, त्यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था इथंच उभी केली. व्हीलचेअरवरची माणसं नोकरीला जातात हे या गावानं तेव्हापासून बघितलंय. नोकरीला जातात, मग आजारीही पडणार की.

चंदगडी_बाप

वाक्य घालायला हरकत नाही. पण ताई, चार मागण्या केल्या की साहेब लोक सगळ्यात स्वस्त तेवढी मंजूर करतात. नंबरचा बोर्ड लागेल, फोटो निघेल, आणि माझं पोरगं परत रांगेत. मी जुन्याच निवेदनावर आहे. सोमवारी घेऊन येतोय.

सिस्टर_नाइट_ड्युटी

सोमवारी गर्दी असते, मंगळवारी या.

डॉ_पेठेतला

काल रात्री टेप घेऊन मोजलं. तपासणीचं टेबल 33 इंच. संडासाचा दरवाजा 24, म्हणजे खुर्ची आत जाणारच नाही. हे मला 19 वर्षांत माहीत नव्हतं. लिफ्टचं जमणार नाही, ते मी आजही म्हणतो. पण तळमजल्यावर स्टोअर आहे, ते रिकामं करून तिथं पेशंट बघता येतील.

तुमच्या अडतीवरचा तो काटा नवा केवढ्याला पडतो?

गूळपेठकरीण

उद्या काटेवाल्याला विचारून सांगते. स्टोअरला उंबरा किती इंचांचा आहे?

डॉ_पेठेतला

चार.