‘जपानची चिनी माती’ म्हणावे का? : याकी, जिकी, सेतोमोनो आणि कुरावांका

प्रश्न : जपानमधील तोबे (एहिमे प्रांत) आणि हासामी (नागासाकी प्रांत) या दोन गावांच्या भांड्यांविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. मुळात ‘याकी’, ‘जिकी’, ‘तोकी’ आणि ‘सेतोमोनो’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि आपल्याकडे या सर्वांसाठी ‘चिनी माती’ एवढाच शब्द हाताशी आहे. शिवाय ‘जपानची चिनी माती’ असे लिहिताना लेखणी अडखळते. सरळ ‘पोर्सेलीन’ लिहावे का? आणि ‘फुदान-झुकाई’ला काय म्हणावे? कोशात ‘दैनंदिन वापर’ असा अर्थ आहे, पण तो फारच कोरडा वाटतो.

उत्तर : ‘याकी’ हा शब्द यांतील सर्वांत सोपा. त्याचा अर्थ ‘भाजलेले’. तेरियाकी या पदार्थाच्या नावातला ‘याकी’ तो हाच. गावाच्या नावापुढे तो लागला की ‘त्या गावच्या भट्टीत भाजलेली भांडी’ असा अर्थ होतो, म्हणून ‘तोबे-याकी’ हे विशेषनाम तसेच ठेवावे. ‘तोकी’ म्हणजे मातीची, झिलई दिलेली, थोडे पाणी शोषणारी भांडी. ‘जिकी’ म्हणजे सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलेली, पांढरी, टणक, पाणी न शोषणारी भांडी. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची म्हणतो आणि पातळ कपबशीलाही, त्यामुळे मराठीत हा भेद शब्दात नाही. मात्र स्वयंपाकघरात तो हळद दाखवून देते. माझ्याकडच्या तोकीच्या एका वाटीच्या झिलईला केसासारख्या बारीक भेगा आहेत. त्यांत वरणाची हळद अशी उतरली आहे की आता ती नक्षीचाच भाग वाटते. शेजारच्या तोबेच्या वाडग्यात मी गेली अनेक वर्षे वरणभात खातो, पण त्यावर पिवळेपणाची छटाही नाही.

आता ‘जपानची चिनी माती’. या शब्दातील ‘चिनी’ही चुकीचे आहे आणि ‘माती’ही. जपानमध्ये जिकी रुजवली ती १५९२ ते १५९८ या काळातील कोरियावरील स्वाऱ्यांनंतर तिकडून आणलेल्या कुंभारांनी. परंपरेनुसार ई साम-प्योंग या कोरियन कारागिराला १६१६ साली आरिता या गावाजवळ इझुमियामा येथे योग्य कच्चा माल सापडला, आणि तो माती नव्हे, दगड होता. तो कुटून, पाण्यात गाळून त्याचा लगदा करतात. तोबेची गोष्ट तर नावातच आहे : ‘तो’ म्हणजे धार लावायचा दगड. तिथल्या खाणींतून असे दगड काढताना जो चुरा वाया जाई त्यापासून पांढरी भांडी करण्याची खटपट झाली आणि १७७७ साली ती यशस्वी झाली. म्हणजे वस्तू जपानची, हात मुळात कोरियन, माल दगडाचा, आणि आपण म्हणणार चिनी माती. तरीही मी ‘चिनी माती’च लिहीन, कारण शब्द व्युत्पत्तीवर नव्हे, रूढीवर चालतो, आणि ‘पोर्सेलीन’ वाचताना मराठी वाचकाला दिवाणखान्यातले कपाट दिसते, ताट नाही.

पुरवणी : ‘सेतोमोनो’विषयी थोडे. सेतो हे आइची प्रांतातील गाव. ‘मोनो’ म्हणजे वस्तू. पूर्व जपानात कुठलीही कपबशी ‘सेतोची वस्तू’ ठरली, तर पश्चिमेत तिलाच कारात्सु बंदरावरून ‘कारात्सुमोनो’ म्हणत. हासामीच्या वाट्याला याच्या उलट आले. तिथला माल इमारी बंदरातून जाई तेव्हा तो ‘इमारी’ म्हणून विकला गेला आणि पुढे आरिता स्थानकातून जाऊ लागल्यावर ‘आरिता’ म्हणून. २००० सालच्या सुमारास उत्पादनाचे मूळ ठिकाण दाखवण्याबाबत काटेकोरपणा आला तेव्हा कुठे तो स्वतःच्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणून आपल्या लेखात जुन्या काळाविषयी लिहिताना ‘इमारी’ शब्द आला तर तो बंदराचा आहे की भट्टीचा, हे तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘कुरावांका’ या वाडग्यांचा उल्लेखही आहे. हे गावाचे नाव दिसत नाही.

उत्तर : नाही, ती आरोळी आहे, आणि चांगलीच उर्मट. एदो काळात (१६०३–१८६८) क्योतो–ओसाका दरम्यान योदो नदीतून उतारूंच्या नावा चालत. हिराकाताजवळ लहान होड्या त्यांना भिडत आणि होडीवाले अन्न व साके (तांदळाची दारू) विकताना ‘कुरावांका’ असे ओरडत. ‘कुराउ’ हे खाण्याचे असभ्य रूप आहे, म्हणून ‘जेवणार का?’ असे भाषांतर केल्यास सगळा रंग उडेल. ‘गिळताय की नाही?’ हेच योग्य. त्या होड्यांवरचे वाडगे जाड, बुडाशी जड, म्हणजे हेलकाव्यात न कलंडणारे, आणि निळ्या रंगाच्या दोन-चार झटपट फटकाऱ्यांनी रंगवलेले असत. हासामीत असा स्वस्त माल मोठ्या प्रमाणावर निघे आणि आरोळीचे नाव त्या वाडग्यांनाच चिकटले. तोबेच्या जाड भांड्यांनाही असेच एक लाडके नाव आहे, ‘केंकाकी’, म्हणजे भांडणाचे भांडे : नवराबायकोच्या भांडणात फेकले तरी फुटत नाही म्हणून. (मराठीत ‘भांडण’ आणि ‘भांडे’ आधीच शेजारी आहेत, त्यामुळे अनुवादकाला ही आयती देणगी आहे.)

‘फुदान-झुकाई’साठी ‘ठेवणीतली’ याच्या विरुद्ध काय म्हणतो ते आठवावे. ठेवणीतली साडी, ठेवणीतला तांब्या. आणि उरलेले सगळे ‘रोजच्या राबत्यातले’. माझ्या मते ‘राबत्यातली भांडी’ हा शब्द जमेल.

आणखी एक मत : ‘राबता’ म्हणताना माणसांची ये-जा प्रथम मनात येते. ‘हाताखालची भांडी’ कसे वाटते? जपानी माणूस भाताचा वाडगा उचलून हातात धरूनच जेवतो. त्याच्या बुडाच्या कड्याला बोटांची पकड मिळते. त्या कड्याची खालची कडा, जिथे झिलई नसते, हाताला किंचित खरखरीत लागते.

प्रश्नकर्ता : ‘हाताखालची’ घेत आहे. वाडग्याच्या वर्णनात ‘राबत्यातला’ही एकदा येईल. ‘गिळताय की नाही’ संपादकांना विचारून ठेवतो.