पालकांनी चालवलेली बालवाडी: अनुभव धागा

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती नुकतीच सिएटलजवळ राहायला आली आहे, लेक अडीच वर्षांची. म्हणाली, "मावशी, इथे एका को-ऑप प्रीस्कूलमध्ये चौकशीला गेले होते. आठवड्यातून एक दिवस मीही वर्गात काम करायचं, महिन्यातून एकदा रात्री मीटिंग, वर सफाईची पाळी. सगळं आपणच करायचं तर फी कशाची?"

फी टीचरच्या पगाराची आणि जागेच्या भाड्याची. बाकी शाळा म्हणजे आपणच. एवढं एका वाक्यात सांगून झालं, पण फोन तासभर चालला. माझ्या मुलाची तीन वर्षं अशाच शाळेत गेली, आणि या देशातल्या पहिल्या दिवसांत मला सावरलं ते त्या शाळेनंच. तिला एकटीचं ऐकवण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांचं ऐकवावं म्हणून हा धागा काढते आहे. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. १९१६ साली शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी एकत्र येऊन अशी शाळा काढली, तिथून याची सुरुवात धरतात. आमच्या सिएटल भागात या शाळा कम्युनिटी कॉलेजांशी जोडलेल्या आहेत. मुलाचं नाव प्रीस्कूलमध्ये घातलं की आईचं किंवा बाबाचं नाव कॉलेजच्या पालक-शिक्षणाच्या वर्गात लागतं. कॉलेजातर्फे एक बाई येतात, त्या मुलांना शिकवायला नाही, आपल्याला शिकवायला. आमच्या वर्गात सोळा मुलं, एक पगारी टीचर आणि रोज चार पालक पाळीवर. एक जण रंगांच्या टेबलाशी, एक बाहेर अंगणात, एक ठोकळ्यांपाशी, एक स्नॅकला. शिवाय प्रत्येक घराकडे वर्षभराचं एक काम असतं. मी दोन वर्षं खजिनदार होते. धनादेश लिहायचे, भाडं भरायचं, कोणाची फी राहिली ते हलक्या आवाजात विचारायचं.

पहिल्या पाळीचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. स्नॅकच्या टेबलावर दुधाचा छोटा जग आणि मुलांच्या हाताला येईल असा एक स्पंज. माझा तीन वर्षांचा मुलगा, ज्याला मी घरी मागे फिरून फिरून भरवायचे, त्यानं जग उचलला, ओतला आणि निम्मं दूध टेबलावर. मी नॅपकिन घेऊन धावले. टीचरनं माझ्या दंडाला नुसता हात लावला आणि स्पंज त्याच्यापुढे सरकवला. त्यानं पुसलं. पिळायला त्याला जमेना, शेजारच्या मुलीनं दाखवलं. मग त्यानं पुन्हा ओतलं, या वेळी दोन्ही हातांनी. त्या रात्री घरी आमटीची वाटी मी त्याच्यापुढे ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सोपं नव्हतं ते.

लिहा मंडळी.

म्युनिक, जर्मनी

इथे याला एल्टर्न-इनिशिएटिव्ह म्हणतात, म्हणजे पालकांनी पुढाकार घेऊन काढलेलं पाळणाघर किंवा बालवाडी. १९६८च्या चळवळीच्या सुमाराला पश्चिम बर्लिन आणि फ्रँकफुर्टमध्ये पालकांनी बंद पडलेली दुकानं भाड्यानं घेऊन मुलांसाठी जागा केल्या. त्या काळी सुपरमार्केटं आल्यामुळे कोपऱ्यावरची छोटी दुकानं ओस पडत होती. म्हणून नाव पडलं 'किंडरलाडन', मुलांचं दुकान. आमची जागाही पूर्वीचं दुकानच आहे. रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या काचेवर मुलांचे हाताचे ठसे आहेत.

कायद्यानं ही रजिस्टर केलेली संस्था असते, स्थापनेला किमान सात सभासद लागतात. शिक्षिका पगारी आणि प्रशिक्षित, पण मालक आपण. त्यांना नेमायचं आपण, पगाराचा हिशेब आपण, सरकारी अनुदानाचे अर्ज आपण. स्वयंपाकाची पाळी माझ्याकडे महिन्यातून दोनदा येते. त्यासाठी आधी आरोग्य खात्यात जाऊन अन्न हाताळण्याचे नियम ऐकावे लागतात, मग प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या पाळीला मी घाबरत वरण-भात केला. हिंग-जिरं अगदी बेतानं. मुलांनी त्याचं नाव 'पिवळं सूप' ठेवलं आणि आता मी दारात दिसलो की ओरडतात. (हो, मी बाबा आहे. आमच्याकडे निम्म्या पाळ्या बाबालोक करतात, आणि या पद्धतीतली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.)

आता कठीण बाजू. पालकसभा रात्री आठला सुरू होते आणि अकराला संपेल याची खात्री नसते. सगळं जर्मनमध्ये. पहिलं वर्ष मी निम्मं समजून, निम्मं अंदाजानं हात वर केला. एका घरानं सफाईची पाळी सलग चार वेळा चुकवली, त्यावरून इतकं पेटलं की दोन कुटुंबं सोडून गेली. त्यांची मुलं आमच्या लेकीची जिवलग होती. मोठ्यांच्या भांडणात मुलांची ताटातूट झाली, ते मला अजून लागतं. २०१३च्या ऑगस्टपासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण शहरात जागा मिळवणं सोपं नाही, त्यामुळे दुसरीकडे जा म्हणणंही सोपं नसतं.

वेलिंग्टन, न्यूझीलंड

आमच्याकडे हे सगळं 'प्लेसेंटर' या नावानं चालतं. सुरुवात १९४१ साली वेलिंग्टनमध्येच झाली. महायुद्ध चालू, घरोघरीचे पुरुष लष्करात, आणि लहान मुलं घेऊन एकट्या पडलेल्या आया. १९४८ साली सगळ्या केंद्रांचा संघ झाला. माओरी भाषेतलं ब्रीद आहे 'फानाऊ टुपु नगाताही', म्हणजे कुटुंबं एकत्र वाढतात. फानाऊ या शब्दात आजी-आजोबा, काका-मावश्या सगळे येतात. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. पुष्कळ केंद्रांत पगारी टीचर नसतेच. पालकच टप्प्याटप्प्यानं प्रशिक्षण घेतात आणि सत्र चालवतात. मी धाकट्याला कडेवर घेऊन तो अभ्यास केला. मुलं खेळतात तेव्हा बघायचं, लिहायचं, त्यावरून उद्या काय मांडायचं ते ठरवायचं. पहिले काही महिने मी फक्त 'वा, छान!' म्हणत होते. मग एका जुन्या आईनं सांगितलं की छान म्हणू नकोस, काय दिसतंय ते म्हण. 'तू निळा पूर्ण कडेपर्यंत नेलास.' मुलगा वळून बघायला लागला.

सुतारकामाचं टेबल असतं, खरी हातोडी, खरी करवत. तीन वर्षांचं मूल खिळा ठोकताना पाहून माझ्या सासूबाईंच्या पोटात गोळा आला होता. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, इंग्रजी जेमतेम. मी त्यांना पिठाच्या टेबलाशी बसवलं. इथे खेळायचं पीठ घरीच शिजवतात, मैदा, मीठ, तेल, पाणी, आणि ते शिजवून आणायचीही पाळी असते. आईंनी एक गोळा घेतला आणि लाटण्यानं गोल पोळी लाटली. थोड्या वेळानं बघते तर टेबलाभोवती सात मुलं, प्रत्येकाचा हात पिठात, आणि आई मराठीत सांगताहेत, "कडेनं लाट रे, मध्ये जाड राहू दे." मुलं तसंच करत होती! पुढे दर बुधवारी त्याच मला विचारायच्या, "आज जायचंय ना?"

न्यू जर्सी, अमेरिका

सगळे गोड लिहिताहेत, मला दुसरं लिहायचं आहे. आम्ही दोघंही नोकरी करणारे. को-ऑपची फी आजूबाजूच्या शाळांपेक्षा बरीच कमी होती म्हणून गेलो. दोन महिन्यांत कळलं की फीत वाचलेले पैसे आपला वेळ देऊन फेडायचे असतात. सकाळी नऊ ते साडेअकराची शाळा, त्यात माझी पाळी, म्हणजे अर्धी रजा. आजारी पडलं तर बदली माणूस आपणच शोधायचा. एकदा मुलाला ताप, ऑफिसात महत्त्वाची भेट, आणि स्नॅकची पाळी माझी. तीन जणींना फोन केले, कोणी मोकळं नव्हतं. सभेत यावर मला ऐकवलं गेलं, सगळ्यांसमोर. मी घरी येऊन रडले. वर्ष संपल्यावर मुलाला दिवसभराच्या डेकेअरमध्ये घातलं.

एकट्या पालकाला, शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ही दारं जवळजवळ बंद असतात. काही ठिकाणी पाळीऐवजी जास्त फी भरायची किंवा शनिवारी दुरुस्तीचं काम करायची सोय आहे, आजी-आजोबांना पाळीवर येऊ देतात. भाचीला सांगा, नाव घालण्याआधी हे विचारून घे आणि नियमावली पूर्ण वाच.

तरी एक सांगते. त्या वर्षात माझ्या पाळीच्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की माझा मुलगा इतर मुलांत कसा आहे. घरी वाघ, तिथे भिंतीला टेकून उभा. डेकेअरच्या कागदावर मला 'ॲडजस्ट होतोय' एवढंच वाचायला मिळालं असतं.

रेडमंड, अमेरिका

वरच्या ताईंचं पटतं, पण माझी बाजू उलटी होती. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, काम करायची परवानगी नाही. २०१५ पासून काही जणांना परवाना मिळायला लागला, पण नवऱ्याची ग्रीनकार्डची फाईल तिथवर पोचली नव्हती. पुण्यात आठ वर्षं नोकरी केलेली बाई मी, इथे दिवसभर खिडकी. को-ऑपमध्ये मंगळवारी माझी कोणीतरी वाट बघायचं. माझ्या नावाचा बिल्ला होता. एवढंच लिहिते.

लीड्स, इंग्लंड

माझी मुलं आता पन्नाशीला आली, तरी लिहावंसं वाटलं. आम्ही १९७०च्या दशकात आलो, हे हॉस्पिटलात डॉक्टर. त्या वेळी इथे प्लेग्रुप होते. लंडनच्या बेल ट्यूटाएव्ह नावाच्या आईनं १९६१ साली गार्डियन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की सरकारी नर्सरी निघत नाहीत तर आपणच काढू या. त्या पत्रातून देशभर आया एकत्र आल्या आणि संघटना उभी राहिली.

आमचा प्लेग्रुप चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. हॉल आमचा नव्हे, त्यामुळे रोज सकाळी कपाटातून सगळं काढायचं आणि दुपारी पुन्हा आत ठेवायचं. वाळूची घमेली, चित्रांची उभी फळी, कोडी, बाहुल्यांचं घर. चिंचोळ्या कपाटात काय कशावर बसतं ते मला आजही पाठ आहे. मी साडी नेसून जायचे, पदर खोचून. पहिल्या हिवाळ्यात कोणी फारसं बोलत नव्हतं. मग पैसे उभे करायला जत्रा ठेवली आणि मी कांदाभजी केली. थंडीतली गरम भजी ती! रांग लागली. पुढल्या आठवड्यापासून कपाट लावताना गप्पा सुरू झाल्या, आणि माझं इंग्रजी त्या कपाटाशी सुटलं. पुढे मी त्यांचा छोटा अभ्यासक्रम केला आणि त्याच ग्रुपमध्ये सोळा वर्षं मदतनीस म्हणून पगारावर काम केलं. माहेरी कोणाला खरं वाटेना.

पुणे

परदेशातलं वाचून विचारतो, आपल्याकडे कोणी केलंय का? आम्ही पाच घरांनी प्रयत्न केला. एकाच सोसायटीत, मुलं दोन ते तीन वर्षांची, आठवड्यात पाच सकाळी, रोज एका घरी. कागद नाही, संस्था नाही, फी नाही. मांडणी आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या कामातून उचलली. १९४५ साली बोर्डीला त्यांनी आजूबाजूच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी अंगणात बालवाडी भरवायला सुरुवात केली, आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून साधनं केली. आमच्याकडेही चिंचोके, शंख-शिंपले, मडक्याच्या खापऱ्या, रिकाम्या डब्या. अर्थात त्यांची बालवाडी कार्यकर्त्यांनी चालवलेली, पालकांची नव्हे. आम्हाला फक्त हे कळलं की महागडी खेळणी लागत नाहीत.

दीड वर्ष चाललं. बंद पडलं ते भांडणानं नाही, प्रवेशांमुळे. एकेका घराला भीती वाटायला लागली की नर्सरीचा दाखला नसेल तर पुढे ज्युनियर केजीला घेणार नाहीत. आधी एक गेलं, मग दोन. दोन मुलांची शाळा होत नाही. माझ्या आईचा सुरुवातीला विरोध होता, "मुलाला शाळेत घालायचं सोडून बापानं घरी चिंचोके मोजत बसायचं?" शेवटच्या दिवशी तिनंच सगळ्या मुलांना ओवाळलं. चिंचोक्यांची बरणी अजून शोकेसमध्ये आहे. त्यातली दोन मुलं आता चौथीत आहेत, रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात, बेल न वाजवता.

सिएटल, धागा काढणारी

सगळं वाचून भाचीला पाठवलं. न्यू जर्सीच्या ताई, तुमचं तिनं दोनदा वाचलं आणि शाळेला सरळ विचारलं. तिच्या सासूबाई मार्चमध्ये येणार आहेत, त्यांना पाळीवर येता येईल म्हणाले, फक्त आधी तपासणीचे कागद भरायचे. सभेत तुमच्याशी जे झालं ते व्हायला नको होतं. मी खजिनदार असताना आमच्याकडेही एका आईला असंच ऐकवलं गेलं होतं आणि मी गप्प बसले होते. तिला नंतर फोन करायला हवा होता, केला नाही.

नाव घातलं तिनं. येत्या मंगळवारी पहिली पाळी, तीही स्नॅकची. घरचं चालेल का ते टीचरला विचारून घेतलंय, चालेल म्हणाल्या, शेंगदाणे मात्र अजिबात नकोत, एका मुलाला ॲलर्जी आहे. तर पोहे करायचे म्हणतेय, दाणे न घालता, मिरची वगळून, लिंबाच्या फोडी वेगळ्या, म्हणजे मुलं स्वतः पिळतील. सोळा मुलांना किती पोहे भिजवायचे ते कोणी सांगेल का? मी अर्धा किलो म्हटलं, पण वीस वर्षं झाली, अंदाज चुकत असेल.