‘विश यू वेअर हिअर’ हे गाणे नेमके कोणाला उद्देशून आहे?

दुधनाकाठ (सेलू)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणे मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहे, आणि आजवर ज्यांच्याशी त्याविषयी बोललो त्या प्रत्येकाने एकच उत्तर दिले : गाणे वाद्यवृंदातला जुना सहकारी सिड बॅरेट याच्यावर आहे, मित्र दुरावला, त्याची आठवण येते, विषय संपला. हे उत्तर मला खोटे वाटत नाही, पण अपुरे वाटते. ज्याची आठवण येते त्याची आपण उलटतपासणी घेत नाही, आणि या गाण्याचा पहिला अर्धा भाग तर उलटतपासणीच आहे. स्वर्ग कोणता आणि नरक कोणता हे तुला ओळखता येते असे तुला खरोखर वाटते का, इथपासून सुरुवात होते आणि लढाईतली लहानशी जागा सोडून तू पिंजऱ्यातले मानाचे पद घेतलेस का, इथे येऊन प्रश्न थांबतात. ‘तू इथे असायला हवा होतास’ हे त्यानंतर येते, आणि तेही आपण दोघेही सारखेच भरकटलेले आहोत अशा कबुलीसह.

मग हे प्रश्न कोणाला विचारले आहेत? ज्याचे मानसिक संतुलन ढळले त्या मित्राला असे टोचून विचारणे मला क्रूरपणाचे वाटते. अल्बमविषयीची माहिती अवश्य द्यावी, परंतु हे गाणे ऐकताना आपल्या स्वतःच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते, हेही कृपया लिहावे.

गोदातीर (नांदेड)

दुधनाकाठ यांची शंका रास्त आहे, पण सिडला एवढ्या घाईने बाजूला सारू नये असे माझे मत आहे.

सिड हा या वाद्यवृंदाचा केवळ जुना सदस्य नव्हता. सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची होती आणि वाद्यवृंदाचे नावही त्याचेच होते. एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचे सेवन आणि ढासळत गेलेले मन यांमुळे तो मंचावर असून नसल्यासारखा झाला, तेव्हा १९६८च्या प्रारंभी गिटारवादक डेव्हिड गिल्मर याला सोबत घेण्यात आले. काही दिवस पाचही जण एकत्र वाजवत होते. मग त्याच जानेवारीत साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत सिडला घ्यायचे का असा विषय निघाला आणि त्याला न घेताच गाडी पुढे गेली. भांडण झाले नाही, निरोप दिला गेला नाही, गाडी त्याच्या दारापर्यंत गेलीच नाही. औपचारिक घोषणा एप्रिलमध्ये झाली, पण माणूस तुटला तो त्या दिवशी.

पुढे ५ जून १९७५ रोजी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच नावाच्या अल्बमचे काम चालू असताना, एक जाडजूड माणूस आत येऊन बसला. डोके आणि भुवया साफ भादरलेल्या. बराच वेळ त्याला कोणी ओळखले नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर या गाण्याचे शब्द लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सला रडू आवरले नाही, असे त्या खोलीतल्या इतरांनी नंतर सांगितले आहे.

आता माझ्या डोळ्यांसमोर कोण येते, ते सांगतो. माझे एक चुलते ऐन तिशीत भ्रमिष्ट झाले. आपल्याकडे अशा माणसाला घराबाहेर कोणी काढत नाही, तसे आमच्याकडेही कोणी काढले नाही. आधी बाहेरगावच्या लग्नांना त्यांना नेणे बंद झाले. मग पाहुणे आले की त्यांचे ताट आतल्या खोलीत जाऊ लागले. पुढे पुढे जीप दारात उभी असायची, सगळे बसायचे, आणि काकांचे काय, हा प्रश्नसुद्धा कोणी विचारत नसे. त्यामुळे त्या गाण्यातले प्रश्न मला टोचणारे वाटत नाहीत. ज्याच्याशी वेळ असताना सरळ बोलणे झाले नाही, त्याच्याशी उशिरा बोलू पाहणारा माणूस असाच अडखळत, प्रश्नांच्या आडून बोलतो.

सहावी तार (छत्रपती संभाजीनगर)

आपण दोघेही शब्दांवरच थांबलात. हे गाणे कोणाला उद्देशून आहे, याचे निम्मे उत्तर गायन सुरू होण्यापूर्वीच्या वाजवण्यात आहे.

सुरुवातीला रेडिओची सुई फिरते. तो गिल्मरच्या गाडीतला रेडिओ होता आणि त्यात चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडाही ऐकू येतो. मग बारा तारांची गिटार वाजू लागते, परंतु तिचा आवाज मुद्दाम आकसलेला, मध्यम लहरींवरून आल्यासारखा ठेवलेला आहे. ज्यांनी रात्री उशिरा आकाशवाणी परभणी किंवा त्याहून दूरचे एखादे केंद्र ट्रान्झिस्टरवर पकडले असेल, त्यांना हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. दिवसा वातावरणाचा एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, त्यामुळे दूरची केंद्रे रात्री लागतात आणि लाटेसारखी जवळ येऊन दूर जातात. जो समोर नाही त्याचा आवाज कसा ऐकू येतो, हे शब्दांच्या आधीच येथे सांगून झालेले आहे.

यानंतर दुसरी गिटार येते, आणि ती मात्र अगदी स्वच्छ, आपल्याच खोलीत वाजल्यासारखी. मध्येच कोणीतरी खोकते. रेडिओवरच्या वादनाला खोलीत बसलेला एकटा माणूस साथ करतो आहे, अशी ही रचना आहे. तो साथ करतो, पण रेडिओतल्या माणसाला त्याची साथ ऐकू जाणे शक्य नाही. मला तरी सगळे गाणे या एकतर्फीपणात दिसते.

वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या भागात ई मायनर सेव्हन, जी आणि ए सेव्हन सस फोर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत राहतात, पण अनामिका आणि करंगळी ही दोन बोटे सर्वांत बारीक अशा दोन तारांच्या तिसऱ्या पट्टीवर रोवलेली राहतात, ती हलत नाहीत. त्या तारांवर डी आणि जी हे स्वर वाजत राहतात. गाणे जी मेजरमध्ये आहे, म्हणजे हे आपले पंचम आणि षड्जच झाले. खाली काहीही बदलो, वर तंबोरा चालू आहे. आणि पहिला प्रश्न विचारताच काय होते? सी, मग डी, मग ए मायनर. बोटे उचलावी लागतात आणि तंबोरा सुटतो. मी शिकवणीला येणाऱ्या मुलांना हे आधी सांगत नाही. शब्द सुरू झाल्यावर हाताखालून काहीतरी निसटल्यासारखे का वाटते, हे त्यांनीच मला विचारावे अशी माझी इच्छा असते. बहुतेक जण विचारत नाहीत, ते सोलो कधी शिकवणार, एवढेच विचारतात.

बालाघाट (अंबाजोगाई)

सहावी तार यांचे विवेचन वाचून आनंद झाला, तथापि मी मूळ प्रश्नकर्त्याच्या बाजूचा आहे. हे गाणे दूर गेलेल्या माणसाविषयी आहे, ही समजूतच मला तपासून पाहावीशी वाटते.

दूर जाणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत गावे निम्मी रिकामी असतात. मी शिक्षक असल्याने हे दरवर्षी पाहतो. पण त्या ताटातुटीत हा गाण्यातला प्रश्न नसतो. तिथे कोण कुठे आहे आणि का गेला आहे, हे सर्वांना माहीत असते.

या गाण्यातला माणूस समोर असूनही हजर नाही. ‘डार्क साइड ऑफ द मून’ने १९७३ साली अमाप यश दिल्यानंतर हे चौघे स्टुडिओत जमत होते, पण कोणाचेच मन कामात नव्हते, आणि वॉटर्सने पुढे वारंवार सांगितले आहे की अल्बमचा विषयच मुळी ती गैरहजेरी होता. गाण्यांचा क्रम पाहावा. याच्या अगोदर ‘हॅव अ सिगार’ येते, ज्यात ध्वनिमुद्रिका कंपनीचा कोणी साहेब कलावंतांची तोंडभर स्तुती करतो आणि तुमच्यापैकी पिंक कोण, असेही विचारतो. ते गाणे ऐनवेळी आकसून रेडिओत शिरते आणि त्याच रेडिओतून आपले गाणे निघते. वेष्टनावर दोन सूट घातलेले गृहस्थ हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांतला एक जळतो आहे. तेव्हा पिंजऱ्यातले मानाचे पद घेतलेस का, हा प्रश्न सिडला विचारण्यात काय अर्थ? सिडला पद मिळालेच कुठे? तो प्रश्न वॉटर्स स्वतःला आणि शेजारी बसलेल्या तिघांना विचारतो आहे.

माझ्या डोळ्यांसमोर येतो तो विद्यापीठ नामांतराच्या लढ्यातला एक जिवलग. पत्रके छापायला पैसे नसत, तेव्हा आम्ही रात्रभर हाताने भित्तिपत्रके रंगवत असू. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा आम्ही दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो होतो. आज तो एका शिक्षणसंस्थेत मोठ्या पदावर आहे, शिक्षकांच्या नेमणुकांत काय चालते हे त्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, आणि आम्ही लग्नकार्यात भेटतो तेव्हा तो फार प्रेमाने चहा पाजतो. मी त्याला काहीही विचारत नाही. अर्थात माझ्या शाळेतही मी अनेक कागदांवर निमूटपणे सह्या केल्या आहेत, म्हणून गाण्यातले ‘आपण दोघे’ मला फार खरे वाटते.

नरसीची लेक (हिंगोली)

बालाघाट सर, आपले म्हणणे पटले, पण गाण्याचा शेवटचा भाग आपण थोडा भरभर ओलांडलात असे वाटते.

आमच्या नरसीचे नामदेव महाराज ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले, आणि १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा जवळ होते. त्या प्रसंगावरचे त्यांचे समाधीचे अभंग आमच्याकडे सप्त्यात गायले जातात. मी ते लहानपणापासून ऐकले असल्यामुळे हे इंग्रजी गाणे प्रथम कानावर पडले तेव्हा परके वाटले नाही : एक सोबती गेला आहे आणि मागे उरलेला बोलतो आहे. पण फरक मोठा आहे. ज्ञानदेव ठरवून, सर्वांना सांगून, सर्वांच्या देखत गेले. नामदेवांना शोक आहे, शंका नाही. कोण कुठे गेला हे ठाऊक असल्याने ते मोकळेपणी रडू शकतात. पुढे ते उत्तरेकडे पंजाबापर्यंत गेले आणि ज्ञानदेवांच्या पश्चात अर्धे शतकाहून अधिक जगले. सिडच्या मित्रांच्या वाट्याला तसा निरोप आला नाही. तो जिवंत होता, पुढे केंब्रिजला जाऊन राहिला होता, चित्रे काढत होता, बागकाम करत होता, आणि ७ जुलै २००६ रोजी वारला. तीस-पस्तीस वर्षे तो मोटारीने फार तर तासा-दीड तासाच्या अंतरावर होता. त्याच्यासाठी शोक करायचा तरी कसा? करता येत नाही, म्हणूनच प्रश्न विचारले जातात, आणि विचारून विचारून थकल्यावर ते एक साधे वाक्य निघते.

तेव्हा गोदातीर म्हणतात तो सिड आणि बालाघाट सर म्हणतात तो स्वतः वॉटर्स, यांत मला तरी विरोध दिसत नाही. मित्राला गाडीत न घेता पुढे गेलेला माणूसच पदावर पोचला होता ना?

माझ्या मनात मात्र माझी मोठी बहीण येते. ती याच घरात आहे, बोलतेही, पण तिच्या नवऱ्याच्या आत्महत्येनंतरची ती वेगळी आहे. यापेक्षा अधिक लिहीत नाही.

गोदातीर (नांदेड)

ताई, आपल्या बहिणीस आमचा नमस्कार सांगावा.

आपले म्हणणे मला मान्य आहे. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कात, अनेक वर्षांच्या अबोल्यानंतर, वॉटर्स वाद्यवृंदातल्या इतर तिघांसोबत पुन्हा उभा राहिला. हे गाणे सुरू करण्यापूर्वी त्याने, जे येथे नाहीत त्या सर्वांसाठी आणि अर्थातच विशेषकरून सिडसाठी, अशा आशयाचे दोन शब्द सांगितले. सिड तेव्हा हयात होता. त्या चित्रफितीत वॉटर्स आणि गिल्मर शेजारी उभे राहून गातात, पण एकमेकांकडे फारसे पाहत नाहीत. बालाघाट सरांनी वर्णन केलेली गैरहजेरी तिथेही आहेच.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे आभार. क्रूरपणाचा माझा आक्षेप नरसीच्या लेकीने बऱ्याच अंशी दूर केला; तरी बालाघाट सरांना एक विचारतो. आपण त्या मित्राला काही विचारत नाही म्हणता. गाण्यात मात्र प्रश्न मोठ्याने विचारले आहेत. मग वॉटर्सने निदान विचारले, असे म्हणायचे का?

आणि सहावी तार, शेवटी वाऱ्याच्या आवाजात व्हायोलिन आहे असे ऐकून आहे. मला कधीच ऐकू आले नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)

विचारले, पण सिड खोलीत नसताना विचारले. तसे तर मीही अंबाजोगाईच्या घाटात मोटारसायकलवर रोज विचारतो.

सहावी तार (छत्रपती संभाजीनगर)

व्हायोलिन आहे, फ्रेंच वादक स्तेफान ग्रापेली यांचे. ते त्या वेळी विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्यासोबत शेजारच्याच स्टुडिओत मुद्रण करीत होते, म्हणून त्यांना बोलावून घेतले गेले. पण अंतिम मिश्रणात ते इतके मागे ठेवले की वेष्टनावर नावही दिले नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ते ऐकू येणार नाही. व्हायोलिन ठळक असलेली आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली आहे, ती शोधून ऐकावी. ती सुंदर आहे, परंतु माझी पसंती मूळ मुद्रणालाच राहील, कारण व्हायोलिन पुढे आले की त्या खोलीत तिसरा माणूस येऊन बसतो आणि एकट्याची साथ एकट्याची राहत नाही.